सभासद वार्तापत्र पुन्हा सुरू करताना : जून ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

आमचं महिला मंडळ सांगलीचं. सगळं काम स्वयंसेवी. मंडळाचं सभासद वार्तापत्र मार्च २०२० नंतर बंद पडलं ते पडलंच. यंदा मे महिन्याच्या सभेत ते परत काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. एखाद्या दुसऱ्या मंडळानं हेच हाती घेतलं, तर आमचे वाया गेलेले पैसे आणि दिवस त्यांचे तरी वाचावेत, म्हणून या नोंदी ठेवल्या.

८ जून, शनिवार

सचिव वहिनींकडून सभासदांची नोंदवही घेतली. लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेले. एकूण २१२ नावं. फोनच्या रकान्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी ०२३३ चे लँडलाइन आहेत. तीन लावून बघितले, तिन्ही बंद.

माझी पहिली चूक आजच झाली. वही बाजूला ठेवून मी थेट अंकाची मांडणी करायला बसले. मथळा, चौकटी, मंडळाचं बोधचिन्ह यात अख्खी दुपार गेली. संध्याकाळी खजिनदार काकूंनी विचारलं, "अगं, पण हे पाठवणार कुणाला?" उत्तर नव्हतं. अंक काढण्याआधी यादी करा, हे आमच्या अनुभवातलं सगळ्यात आधी सांगायचं.

१४ ते २० जून

सहाजणींनी मिळून फोन केले. रोज संध्याकाळी ६ ते ८, नाव कापत कापत. पाच संध्याकाळी धरल्या होत्या, सात लागल्या.

पहिल्या दिवशी मी एका घरी फोन लावून काकूंना बोलवायला सांगितलं. पलीकडे सूनबाई होत्या. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आई जाऊन दोन वर्षं होतील श्रावणात." आमच्या मंडळात या बाईंनी वीस वर्षं बालवाडीच्या खाऊचं काम बघितलं होतं आणि त्या गेल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. त्यानंतर फोनची सुरुवात बदलली. नाव घेऊन बोलवायला सांगायचं नाही. मंडळातून बोलतेय, घरी सगळे कसे आहेत, एवढं विचारायचं आणि थांबायचं. समोरचं माणूस आपणहून सांगतं.

आठवड्याअखेरचा हिशेब : ९ जणी वारल्या आहेत, त्यातल्या सहाजणींचंच मंडळाला माहीत होतं. १४ जणींचा काहीच ठावठिकाणा लागला नाही. दोघींची नावं दोनदा होती. राहिल्या १८७. त्यातल्या ३१ जणींचे नंबर बदललेले.

२६ जून

बातम्या मागवल्या होत्या. मंडळाच्या सात गटांकडून आल्या आणि सातही "कार्यक्रम उत्साहात पार पडला" असं म्हणून संपल्या. पाहुण्यांची नावं, स्वागत कुणी केलं, आभार कुणी मानले, एवढंच. मला या छापायच्या नव्हत्या. ज्या सभासदाला उद्या तसाच कार्यक्रम करायचाय, तिच्या हाती यातून काय लागणार?

म्हणून प्रत्येक गटाच्या प्रमुख ताईंना फोन करून पाच गोष्टी विचारल्या. किती बायका आल्या, किती वेळ चाललं, खर्च किती, काय कमी पडलं, परत केलं तर काय बदलाल. कुपवाडच्या हिमोग्लोबिन तपासणीची बातमी या प्रश्नांनी पूर्ण बदलली. आधी ती चार ओळींची होती. विचारल्यावर कळलं की तपासणीच्या पट्ट्या ६० च होत्या, १४ जणी रांगेतून परत गेल्या, आणि एमआयडीसीतल्या बायकांची कामाची पाळी संध्याकाळी सुटते तोवर आपण टेबलं आवरली होती. ज्यांच्यासाठी शिबिर, त्याच पोचू शकल्या नाहीत. गटप्रमुख ताई आधी नाराज झाल्या, आपली उणीव अंकात कशाला म्हणून. मी त्यांना अख्खी बातमी वाचून दाखवली. त्यांनी शेवटी स्वतःच एक ओळ घातली : पुढचं शिबिर संध्याकाळी ५ ते ८.

३० जून ते ५ जुलै

हे सहा दिवस सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच झालं.

२८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १ ते १५ जुलै. आमच्या बहुतेक सभासदांच्या घरी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या बायका यात बसतात. त्यांचे अर्ज भरायला मदत करायची असं ठरलं आणि मी पहिलं पान पूर्ण त्यालाच दिलं. रविवारी ३० तारखेला अंक पक्का केला, सोमवारी प्रेसला दिला.

मंगळवारी, २ जुलैला सरकारनं अटी बदलल्या. मुदत ३१ ऑगस्ट, वय ६५ पर्यंत, पाच एकर जमिनीची अट गेली, आणि अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. बुधवारी गठ्ठा घरी आला तेव्हा पहिल्या पानावरच्या तारखा आणि वय दोन्ही चुकीचं होतं. त्या आठवड्यात दाखल्यासाठी बायका रोजगार बुडवून रांगा लावत होत्या. आपला कागद वाचून कुणी ६२ वर्षांच्या बाईला "तुम्ही बसत नाही" असं सांगितलं असतं तर?

गुरुवारी माझ्या घरी सातजणी बसलो. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून आणल्या, कात्रीनं कापल्या आणि १८७ अंकांवर खळीनं चिकटवल्या. चार तास गेले. तेव्हापासून ठरवलंय की सरकारी मुदती, वय, कागदपत्रं हा मजकूर छापील अंकात घ्यायचा नाही. अंकात फक्त कुणाला फोन करायचा ते नाव द्यायचं, आणि ताजी माहिती फोनवर. छापायचंच असेल तर "अमुक तारखेपर्यंतची माहिती" असं ठळक लिहायचं.

शुक्रवारी ९१ अंक पोस्टात टाकले, उरलेले हातोहात वाटले.

११ जुलै

विश्रामबागच्या एका सभासदांचा फोन. पोस्टमननं अंक देताना दहा रुपये मागितले. तासाभरात आणखी दोन फोन तसेच.

पोस्टात जाऊन विचारलं तेव्हा उलगडलं. साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या २० ग्रॅमला आणखी ५. आमचा अंक आठ पानी, म्हणजे ए-थ्री आकाराचे दोन कागद. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) असा एक कागद जवळजवळ १० ग्रॅम भरतो. दोन कागदांतच २० ग्रॅम संपले, वर पाकीट, वर आम्ही चिकटवलेली चिठ्ठी आणि खळ. सराफ कट्ट्यावर एका ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवलं, २५ ग्रॅमच्या वर काटा गेला. तिकीट ५ रुपयांचं लावलेलं, ५ कमी पडले, आणि बैरंग पत्राला कमी पडलेल्याच्या दुप्पट घेतात. म्हणून दहा.

२७ जणींनी पैसे भरून अंक घेतला. सहाजणींनी नाकारला, ते अंक परत आले. सत्तावीस जणींना दहा-दहा रुपये घरी जाऊन परत दिले. कुणी घेईना, तरी दिले. आपल्याच मंडळाची बातमी वाचायला सभासदानं दंड भरावा हे मला पटत नव्हतं.

जुलै अंकाचा खर्च : रिसो छपाईयंत्राचे चार मास्टर (पानांचे साचे) २४० रुपये, छपाई ४८०, कागद ६००, चिठ्ठ्या ३०, पाकिटं १४०, तिकिटं ४५५, परत दिलेले २७०. एकूण २२१५.

ऑगस्टपासून एकच ए-थ्री कागद, मधोमध घडी, चार पानं. कागद आणि पाकीट मिळून १५ ग्रॅमच्या आत राहतं. पोस्टात टाकायच्या आधी एक भरलेलं, चिकटवलेलं पाकीट काट्यावर ठेवायचंच.

१३ जुलै

मासिक सभेला २२ जणी. निरोप सगळ्यांना गेला होता, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. सचिव वहिनी व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून निरोप पाठवतात. त्यात एक मेख आहे. ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. वहिनींनी एप्रिलमध्ये नंबर बदलला होता. म्हणजे अडीच महिने कित्येक जणींपर्यंत एकही निरोप गेला नव्हता, आणि आम्ही मनात म्हणत होतो की हल्ली कुणाला वेळच नसतो.

आता एक सूचना ग्रुप केलाय, त्यात फक्त तिघींनाच लिहिता येतं. सुप्रभात, वाढदिवस, रेसिपी यांना वेगळा ग्रुप. आधी सगळं एकत्र होतं तेव्हा सभेची तारीख फुलांच्या चित्रांखाली दबून जायची.

२६ जुलै

आठवडाभर पावसाची संततधार. कोयनेचा विसर्ग वाढलाय आणि कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ चढतंय. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ज्यांनी २०१९ चा महापूर बघितलाय त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आलाय.

सकाळी गप्पांच्या ग्रुपवर बुडालेल्या रस्त्याचा फोटो आला, "आत्ताचा" म्हणून. दुपारपर्यंत सांगलीवाडीच्या दोन सभासदांनी सामान माळ्यावर चढवलं. फोटो २०१९ चा होता. पाटीवरचं दुकान एकीनं ओळखलं, ते केव्हाच बंद झालंय.

आजच नियम केला. पाण्याची बातमी टाकताना तीन गोष्टी हव्यात : पातळी किती फूट, किती वाजताची, आणि ती पाटबंधारे खात्याची किंवा जिल्हा प्रशासनाचीच. फोटो नाही.

स्मार्टफोन न वापरणाऱ्या सभासदांसाठी फोनची साखळी लावली. कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, सांगलीवाडी एवढ्याच भागांसाठी. पहिल्याच रात्री साखळी तुटली. तिसरी कडी मुलीकडे कोल्हापूरला गेली होती, पुढच्या पाचजणींना काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बदल केला : साखळीतली शेवटची बाई मला उलटा फोन करणार. नऊ वाजेपर्यंत तिचा फोन आला नाही की मी शेवटाकडून सुरू करते. हे इतकं साधं आहे, पण यानंतर एकदाही साखळी न कळत तुटलेली नाही.

६ ऑगस्ट

अक्षरांचा घोळ. जुन्या अंकांतून मंडळाचा इतिहास द्यायचा होता. त्या फाइली श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या. माझ्या संगणकावर उघडल्या तर नुसती चिन्हं. एका भाच्यानं युनिकोडमध्ये बदलून दिल्या. वरवर बघता छान दिसल्या, पण "दुसऱ्या" चं "दुसर्या", "करणाऱ्या" चं "करणार्या" झालेलं. मी सरळ सगळीकडे "र्य" काढून "ऱ्य" घातलं आणि झोपले. सकाळी वाचते तर "काऱ्यक्रम", "काऱ्यकारिणी", "सूऱ्योदय". शेकडो ठिकाणी. एक अख्खा दिवस एकेक शब्द बघत बसले. असं एका फटक्यात कधीही बदलू नका. "णार्या", "सर्या", "र्यां" असे तुकडे शोधून, प्रत्येक ठिकाणी थांबून बदला.

प्रेसच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की वेलांट्या उडत होत्या. आता मजकूर न देता पीडीएफ देते, फॉन्ट आतच बसवून. फॉन्ट मुक्ता घेतला, आकार १६. छोट्या अक्षरात आठ पानांचा मजकूर चार पानांत बसला असता, पण आमच्या निम्म्या वाचक साठीच्या पुढच्या आहेत. मजकूर कमी केला, अक्षर नाही.

१४ ऑगस्ट

अंक कागदावर हवा की फोनवर, हे सगळ्यांना विचारून झालं. १२६ जणींना फोनवर चालतो. ६१ जणींना कागदच हवा, त्यातल्या ३८ पोस्टानं, २३ हातोहात. ६५ प्रती काढल्या. मास्टर १२०, छपाई ७८, कागद ९८, पाकिटं ५७, तिकिटं १९०. एकूण ५४३ रुपये.

२४ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहायला जड जातंय.

दुपारी गावभागातल्या एक सभासद घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. पिशवीतून आपलं पाकीट काढलं आणि टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवलं. पत्त्याची चिठ्ठी मीच छापलेली. सुरुवात "सौ." नं, पुढे यजमानांचं नाव, मग आडनाव. त्यांचे यजमान मे महिन्यात गेले. वहीत पूर्वीपासून तसंच लिहिलेलं, आणि मी फोन-पत्ते दुरुस्त केले, नावं मात्र जशीच्या तशी उतरवली.

त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पोस्टमन नेहमीचा आहे. त्यानं पाकीट दिलं आणि खाली बघितलं." मग जरा थांबून, "आणि खरं सांगू का, यात माझं नाव कुठंच नाही गं. चाळीस वर्षं मंडळात आहे मी."

मी वही आणली. दोघींनी मिळून त्यांचं पान काढलं. २१२ पैकी कितीतरी ओळींत बाईचं स्वतःचं नावच नव्हतं, "सौ." आणि नवऱ्याचं नाव. ज्या बायका शिबिरात भर उन्हात उभ्या राहतात, परजिल्ह्यात जाऊन पूरग्रस्तांना कपडे वाटतात, त्यांची आपल्याच मंडळाच्या दप्तरात अशी नोंद. माझ्या हातून ही यादी पुढे गेली, याचं मला फार वाईट वाटलं. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या पेनानं, स्वतःच्या हातानं, त्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं.

१ सप्टेंबर

कार्यकारिणीत विषय मांडला. बराच वेळ चर्चा झाली. काहीजणींना "सौ." हवंच आहे, त्यांना तो मान वाटतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. काहींनी सगळ्यांना "श्रीमती" लावा म्हटलं, त्यावर दोघी अस्वस्थ झाल्या. "गं. भा." तर कुणालाच नको. शेवटी असं ठरलं : प्रत्येकीला विचारायचं, पाकिटावर तुमचं नाव कसं हवं? ती सांगेल तसंच, अक्षर अन् अक्षर. नाही सांगितलं तर नुसतं नाव आणि आडनाव, पुढे काही नाही.

परत १८७ फोन. गणपतीच्या तयारीचे दिवस, तरी अकराजणी तयार झाल्या. वाटलं होतं यात कुरकुर होईल. उलट हेच फोन सगळ्यात लांब चालले. एका आजींनी माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव असं सांगितलं. लग्नात बदललेलं नाव त्यांना कधीच आपलं वाटलं नव्हतं. तसंच लिहिलं.

१९ सप्टेंबर

पाचजणींची दृष्टी इतकी कमी झालीय की १६ चं अक्षरही वाचता येत नाही. त्यांच्यासाठी अंक वाचून ध्वनिमुद्रण केलं. पहिल्यांदा सलग अकरा मिनिटं वाचलं. मध्येच थांबवलं की परत पहिल्यापासून ऐकावं लागतं, अशी तक्रार आली. आता तीन तुकडे : आधी तारखा आणि निरोप, मग कामाच्या बातम्या, मग सभासदांच्या घरचं सुखदुःख. सगळ्याजणी तिसरा तुकडा आधी ऐकतात असं कळलं. तोच पहिला पाठवायला लागले.

१७ ऑक्टोबर

१५ तारखेला विधानसभा निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. तयार अंकात भोंडल्याचा एक फोटो होता, त्यात मागे एका इच्छुकाचा फलक स्पष्ट दिसत होता. फोटो काढला. आमच्यात सगळ्या पक्षांना मत देणाऱ्या बायका आहेत आणि हे पत्र सगळ्यांचं आहे. जागा रिकामी राहिली तिथं कुपवाडच्या दुसऱ्या शिबिराची बातमी बसली. वेळ ५ ते ८, पट्ट्या १००, आलेल्या ८३. त्यातल्या बऱ्याचजणी कामाची पाळी संपवून थेट कंपनीतून आल्या होत्या.

८ डिसेंबर

डिसेंबरचा अंक गेला. एकही पाकीट बैरंग नाही. दोन परत आली, दोन्ही "पत्त्यावर राहत नाहीत" म्हणून. एकीचा मुलगा पुण्यात सिंहगड रोडला राहतो एवढं शेजारणीकडून कळलंय, नंबर उद्या मिळेल. दुसऱ्या माधवनगरच्या. त्यांच्या घराला कुलूप आहे. मंगळवारी दुपारी खजिनदार काकू आणि मी जाऊन येतोय, अंक सोबत घेऊन.